चंद्रा म्हशीचा गोठा धुताना

"सोडंना," काकू म्हणाल्या आणि चंद्राच्या कासेजवळून उठल्या. बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

बाहेर गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन उभी होती. आमच्या कोल्हापुरात दूध कट्टे आहेत. संध्याकाळी गवळी म्हैस रस्त्याकडेला आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. तात्या गवळींच्या कट्ट्यावर लोक चंद्राचंच दूध मागतात. चंद्रा म्हणजे त्यांची लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस. आठवडाभर ती कट्ट्यावर येत नव्हती, खूर दुखावला होता. काकू आत गोठ्यात धार काढून दूध बाहेर पाठवत होत्या. काकू म्हणजे तात्यांच्या मालकीणबाई.

मी आणि मुमताज गोठ्याच्या दारात उभ्या होतो. दोघींच्या मधे आमचं मशीन.

"ते मशीन उचला आणि निघा," तात्या म्हणाले. "म्हशीनं दूध चोरलं. तुमच्या त्या भोंग्यापायी."

दूध चोरणं म्हणजे म्हैस पान्हा सोडत नाही. कासेत दूध असतं, पण म्हैस बिथरली की ते धरून ठेवते. मग सड कितीही ओढा, धार येत नाही. एकदा चोरायची सवय लागली की म्हैस हळूहळू आटते. तात्या का चिडले होते ते आम्हाला कळत होतं.

आमचं काम प्रेशर वॉशिंगचं. मशीन ड्रममधलं पाणी ओढतं आणि जाड पाइपातून जोरात बाहेर फेकतं. पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी गन असते, आणि गनच्या तोंडाला नोझल. नोझल बदललं की पाण्याची धार बारीक किंवा पसरट होते. आधी आम्ही दोघी गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर कामाला होतो. मग जुनं मशीन घेतलं, मुमताजच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, टेम्पो होताच. ती बोलते, मी गन धरते. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही.

आता आमच्याकडे नव्या बायका कामाला येतात. त्यांना समोर उभं राहून सांगायला मला जमत नाही, म्हणून घरी बसून हे लिहिते आहे. लिहायची सवय चौथीनंतर सुटली. चुकेल तिथं मुमताज वाचताना सांभाळून घेईल.

तर गोठा. तात्यांच्या वडिलांपासूनचा, भर वस्तीतला. पंधराएक म्हशी. मागं आता अपार्टमेंट झालंय. तिथल्या लोकांनी वासाची आणि डासांची तक्रार केली होती. आरोग्य निरीक्षक त्याच सकाळी येऊन गेले होते आणि सरळ सांगून गेले होते की परवा सकाळी परत येतो. गोठा स्वच्छ दिसला तर ठीक, नाहीतर म्हशी गावाबाहेर न्यायची नोटीस काढतो. म्हशी गावाबाहेर गेल्या की कट्टा संपला. ताज्या धारेचं दूध प्यायला गावाबाहेर कोण जाणार?

तक्रार खोटी नव्हती. रोज शेण निघत होतं, पण भिंतींच्या बुडाला, गव्हाणीखाली आणि गटारात वर्षानुवर्षांचा थर बसला होता. फरशीवर हिरवं शेवाळ. त्या शेवाळावरूनच चंद्रा घसरली होती. घरच्या माणसांनी खराट्यानं घासून बघितलं, पण थर हलत नव्हता. म्हणून आम्हाला बोलावलं.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुमताज म्हणाली, "आज जागा बघून जातो तात्या, उद्या येतो." तात्यांना धीर नव्हता.

"बघायचं काय त्यात? चालू करा की! जरा कळू दे तरी, निघतंय का न्हाय."

म्हणून मशीन गोठ्याच्या दारातच ठेवून चालू केलं. मी ट्रिगर दाबला आणि सगळ्या म्हशी एकदम उठल्या. दावी ताणली, एकीनं घमेलं उडवलं, रेडकं ओरडायला लागली. चंद्रा तसल्या खुरावर उभी राहून भिंतीला जाऊन घासली. मी लगेच ट्रिगर सोडला. मशीन बंद झालं. पण पाठोपाठ धारांची वेळ होती. बाकीच्या म्हशींनी निम्मंअर्धं दूध दिलं. चंद्रानं काहीच नाही.

तात्यांनी बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं, "आज चंद्राचं न्हाय मिळायचं."

"का ओ तात्या, म्हैस संपावर गेली काय?" एकजण म्हणाला. बाकीचे हसले. तात्या हसले नाहीत. पेंड आणायला म्हणून मोटरसायकल काढली आणि गेले.

आम्ही पाइप गुंडाळायला घेतला.

पाइप टेम्पोत टाकला आणि लांबून फटफट ऐकू आली. तात्यांच्या मोटरसायकलचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी फुटलं. आमच्याकडे दिवाळी पाडव्याला गवळी म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, अंगावर नक्षी काढतात आणि वाजतगाजत मिरवतात. मालक पुढं मोटरसायकल पळवतो आणि म्हैस तिच्यामागं पळते. गर्दीत म्हशीला आपल्या मालकाची गाडी कळावी म्हणून सायलेन्सरची जाळी काढून आवाज मोठा करतात. दसरा नुकताच झाला होता. तात्यांची गाडी पाडव्यासाठी आधीच तयार होती, पळणारी म्हैस मात्र लंगडत होती.

"आमच्या मशीनला भोंगा म्हणत्यात," मुमताज कानावर हात ठेवत म्हणाली, "आन् ही काय बासरी हाय?"

मी हसले, आणि सहज गोठ्यात बघितलं. चंद्रानं मान वर केली होती. कान दाराकडे. गाडी जवळ आली तशी ती हंबरली आणि दावं ताणून पुढं यायला लागली. भिऊन नव्हे, आपलं माणूस आल्यासारखी. गाडी दारात येऊन थांबली तरी तात्यांनी लगेच बंद केली नाही. तेवढ्यात चंद्राच्या सडातून दुधाचे थेंब खाली टपकले.

काकूंनी पण बघितलं. त्या बादली घेऊन झटकन खाली बसल्या. "गाडी बंद करू नगासा!" त्या ओरडल्या. बादलीत धार वाजायला लागली.

तात्या गाडीवर बसूनच बघत राहिले. काकू धार काढताना म्हणाल्या, "रोज धारांच्या आधी गाडीवरनं पेंड आणत्यात, आज ऱ्हायली हुती. गाडी आली की पेंड, पेंड आली की धार. तिला तेवढंच ठावं."

मी मुमताजची बाही ओढली. तिच्या कानात सांगितलं.

"मला काय सांगतीस? त्यांना सांग की!" ती म्हणाली. मी जमिनीकडे बघत राहिले. मग तीच पुढं झाली. "तात्या, सुमन म्हणतीया, उद्या आमचं मशीन लावायच्या आधी तुमची फटफटी चालू करा. चंद्राम्होरं पेंड ठेवा. मग मागनं मशीन लावतो."

"यडी हाय काय ती?"

"यडी असू दे," काकू खालूनच म्हणाल्या. "बादली बघा."

तात्यांनी गाडीवरून उतरून बादलीत बघितलं. अर्ध्याच्या वर भरली होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उद्या सकाळी या. पण एक सांगतो भाभी, उद्या चंद्रानं दूध चोरलं तर ह्या गल्लीत तुमचं मशीन परत दिसायचं न्हाय."

घरी जाताना टेम्पोत मुमताज म्हणाली, "उद्या जमलं न्हाय तर तात्या आपल्यालाच गाडीम्होरं पळवतील."

मोठी अडचण वेळेची होती. दुपारी घरची माणसं म्हशी पाण्याला घेऊन जातात. त्या गेल्यापासून धारांसाठी परत येईपर्यंतच मशीन चालवता येणार होतं. चंद्राला डॉक्टरांनी चालवू नका सांगितलं होतं, त्यामुळं ती गोठ्यातच राहणार. एवढा थर नुसत्या मशीननं काढायचा तर दिवस मोडतो. मला दुपारच्या दुपारी उरकायचं होतं. म्हणजे मशीन लावायच्या आधीच निम्म्याच्या वर काम झालं पाहिजे, आणि ते आवाज न करता.

सकाळच्या धारा झाल्यावर आम्ही गेलो. येताना धान्याच्या दुकानातून रिकामी बारदानं आणली होती. बारदान म्हणजे तागाचं पोतं. दुकानदारानं विचारलं, "कशाला गं एवढी?" मुमताज म्हणाली, "भिंतीला आंघोळ घालायची हाय." त्यानं फुकट दिली.

पहिल्यांदा पाणी अजिबात लावलं नाही. नवीन माणसाची चूक इथंच होते. मशीन हातात आलं की तो शेणावरच पाणी मारतो. ओलं झालेलं शेण भिंतभर उडतं, मग तेच परत धुवावं लागतं, आणि सगळं वाहून गटार तुंबतं. आम्ही खोऱ्यानं आणि पत्र्याच्या उलथन्यानं सुकं सुकं खरडून काढलं. निघालेलं शेण तात्यांच्या खताच्या ढिगावर गेलं. नुसत्या खरडण्यानंच फरशीचा रंग दिसायला लागला. म्हशी शेजारी उभ्या राहून रवंथ करत होत्या. खोऱ्याच्या आवाजाचं त्यांना काही नव्हतं, तो रोजचाच.

खरडून निघत नव्हतं ते भिंतीच्या बुडाला आणि गटाराच्या काठाला. तिथं बारदानं भिजवून थरावर दाबून बसवली. नुसतं पाणी ओतलं तर ते वाहून जातं, थर कोरडाच राहतो. ओलं बारदान थराला चिकटून राहतं आणि हळूहळू ओल आत जाते. मधे मधे तांब्यानं पाणी शिंपायचं, एवढंच. काकू हे बघून म्हणाल्या, "हे म्हंजी ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठेवत्यात तसं की." तसंच आहे. थर मऊ झाला की मशीनला जोर लावावा लागत नाही. जोर कमी लावला तर वीज, पाणी आणि भिंतीचा गिलावा, तिन्ही वाचतं.

तात्या मधेच ॲसिडचा कॅन घेऊन आले. "हे ओता, झटक्यात निघंल."

मुमताजनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"नको तात्या," ती म्हणाली. "फरशी खडबडीत हाय म्हणून म्हशी उभ्या ऱ्हात्यात. ॲसिडनं सिमेंट खाल्लं की खड्डे पडतील, त्यात मूत साठंल. आन् खुराला लागलं म्हंजे?"

खुराचं नाव काढल्यावर तात्या कॅन परत घेऊन गेले.

ॲसिडऐवजी आम्ही धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला. शेतात पाठीवर घेऊन फवारतात तो पंप आमच्याकडे आहे. नवा घेतलेला, औषधाचा थेंब कधी त्यात गेलेला नाही. सोड्याचं पाणी भिंतीला त्या पंपानं लावतो. भिंतीला लावताना खालून वर जायचं. वरून लावलं तर ओघळ कोरड्या भिंतीवरून खाली येतात आणि त्यांचे पट्टे उठतात, ते नंतर जाता जात नाहीत. धुताना मात्र वरून खाली. चढताना साबण, उतरताना पाणी, असं मी नव्या बायकांना हातानं दाखवते. आणि सोडा भिंतीवर वाळू द्यायचा नाही. म्हणून उन्हाची बाजू शेवटी घेतली.

मशीन या वेळी दारात ठेवलंच नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावला, मशीन टेम्पोतच जुन्या टायरवर ठेवलं. टायरवर ठेवलं की पत्रा थरथरत नाही, निम्मा आवाज तिथंच मरतो. तिथून गोठ्यापर्यंत पाइपाला दुसरा पाइप जोडून आणला. विजेची वायर लांबवायची नाही. लांब, बारीक वायरीत वीज कमी पोचते, मशीन तापतं आणि एक दिवस जळतं. पाइप लांबवला तर जोर थोडा कमी होतो, तेवढा चालतो. कारण बारदानांनी काम केलेलं असतं.

पाणी ओढायच्या नळीच्या तोंडाला माझ्या लेकीचा शाळेचा जुना पायमोजा बांधला. ड्रमच्या तळाला कचरा असतोच. एखादा खडा पंपात गेला की दुरुस्तीला किती दिवस जातील सांगता येत नाही. पायमोजा धुवून परत वापरता येतो.

दुपारी म्हशी बाहेर पडल्या. गल्लीतून एकामागून एक गेल्या. चंद्रा त्यांच्याकडे बघून ओरडली. काकूंनी तिला दाराजवळच्या खुंटाला बांधली होती. समोर घमेल्यात भिजवलेली पेंड. तात्यांनी गाडी तिच्यासमोर आणून उभी केली.

"लावू?" तात्यांनी विचारलं. काल ओरडणारा माणूस आज मला विचारत होता. मी मान डोलावली.

फटफटी सुरू झाली. चंद्रानं कान हलवले, गाडीला हुंगलं आणि घमेल्यात तोंड घातलं. अपार्टमेंटच्या गॅलरीत दोन माणसं येऊन उभी राहिली. मुमताजनं टेम्पोकडे हात केला. तिकडं तिच्या मालकांनी बटण दाबलं. मी आत, अगदी लांबच्या भिंतीपाशी, गन भिंतीकडे रोखून उभी होते. गनला हिरवं नोझल होतं, म्हणजे पसरट धार. लाल नोझल सुईसारखी धार मारतं, ते मी पिशवीतून काढलंच नव्हतं. त्यानं सिमेंटही खणलं जातं आणि त्याचा आवाजही शिट्टीसारखा होतो.

ट्रिगर दाबला.

चंद्रानं तोंड वर काढलं. तोंडातून पेंड गळत होती. तात्यांनी गाडीचा आवाज वाढवला. ती गाडीकडे बघत राहिली, मग परत खाली तोंड घातलं.

बारदानं काढत काढत मी पुढं सरकत होते. थर सालपटासारखा निघत होता. ज्याला काल खराटा लागत नव्हता तो आज पसरट धारेनं सुटत होता. मुमताज मागून खराट्यानं पाणी गटाराकडे लोटत होती. "सुमे, भिंत पिवळी हाय की गं! मला वाटलं काळीच रंगवलीया."

अर्धा गोठा झाला आणि फटफटी खोकली. एकदा, दोनदा. मग बंद.

"पेट्रोल!" तात्या ओरडले. "पेट्रोल संपलं! मशीन बंद करा, बंद करा!"

आता आमचं मशीन एकटंच वाजत होतं. चंद्रानं मान ताठ केली. माझं बोट ट्रिगरवर होतं. मुमताज माझ्याकडे धावत आली. "सोड की!"

मी सोडला नाही. आमचं मशीन ट्रिगर सोडला की आपोआप बंद होतं आणि दाबला की एकदम किंचाळून सुरू होतं. काल म्हशी उठल्या त्या या किंचाळण्यानं. चालू असलेला आवाज चंद्रा इतका वेळ ऐकत होती. तो थांबवून परत सुरू केला तर कालचंच सगळं परत होणार.

"थांबवायचं न्हाय!" मी ओरडले. "तसंच चालू दे! काकू, पेंड घाला तिला!"

गोठ्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा एवढा मोठा आवाज मुमताजनंसुद्धा ऐकला नव्हता.

काकूंनी मूठभर पेंड चंद्राच्या तोंडापुढं धरली आणि तिच्या मानेखाली खाजवायला लागल्या. "काय न्हाय गं, काय न्हाय. आपलं घर धुत्यात. तुझ्या पायासाठनंच चाललंय." मी धार हलवतच ठेवली, भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून गटारात, कुठंही न थांबता. चंद्रा थोडा वेळ कान टवकारून उभी राहिली. मग तिनं काकूंचा हात चाटला. मग घमेलं.

तात्या गाडी ढकलत पेट्रोल आणायला निघाले होते. ते दारात थांबून बघत राहिले. मग गाडी तिथंच भिंतीला लावली आणि हातात खराटा घेतला.

म्हशी परत आल्या तेव्हा आम्ही गटार धुऊन शेवटचं पाणी लोटत होतो. फरशी जरा वाळल्यावर काकूंनी कडेकडेनं चुना भुरभुरला. म्हशी आत आल्या त्या आधी दारात थबकल्या. आपलाच गोठा ना, असं बघून आत शिरल्या. एकीचाही पाय घसरला नाही.

धारांची वेळ झाली. काकू चंद्राखाली बसल्या. मी, मुमताज आणि तात्या दारात. तात्यांची मोटरसायकल पेट्रोलविना भिंतीला टेकून उभी होती, तिचा काही उपयोग नव्हता. काकूंनी सड धुतले, हात फिरवला.

पहिली धार बादलीत वाजली तेव्हा मुमताजनं माझा दंड एवढ्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं.

दूध भरभरून आलं. काकू मधेच थांबून म्हणाल्या, "दुसरी बादली द्या." तात्या दुसरी बादली घेऊन स्वतः आत गेले. बाहेर कट्ट्यावर येऊन त्यांनी पहिले दोन पेले भरले. ते आमच्या हातात दिले.

"गिऱ्हाइकांचं आधी द्या की," मुमताज म्हणाली.

"गिऱ्हाइकं थांबतील. काल थांबलीच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य निरीक्षक आले. आम्ही पण गेलो होतो, काम बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडलं नसतं. साहेबांनी बुटाचं टोक फरशीवर घासून बघितलं. गटारात वाकून बघितलं. भिंतीला हात लावला आणि हात हुंगला.

"कुणी धुतलं?"

तात्यांनी आमच्याकडे हात केला. "ह्या दोघींनी."

"एकदा धुऊन काय उपयोग? महिन्याभरात परत तसंच होणार."

तात्यांनी मुमताजकडे बघितलं. मुमताजनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "महिन्याला येणार आहोत आम्ही. आता थर नाही, लवकर होतं. म्हशी पाण्याला गेल्या की."

हे तात्यांशी ठरलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"व्हय व्हय," तात्या म्हणाले. "महिन्याला. ठरलंय की आमचं."

साहेबांनी कागदावर लिहिलं. गोठा इथंच राहू दे, असा त्याचा अर्थ होता. जाताना ते दारात थांबले. "तात्या, नवीन एक तक्रार आली आहे. काल दुपारी कुणीतरी तासन्‌तास फटफटी वाजवत होतं म्हणे."

"पाडवा जवळ आलाय साहेब," तात्या म्हणाले. "सराव चालू हाय."

त्यानंतर त्या गल्लीतले जवळपास सगळे गोठे आमच्याकडे आले. ज्या गोठ्याला आधी दिवसभर पाणी मारावं लागलं असतं तो आता आम्ही दुपारी मशीन लावून धारांच्या आत संपवतो. चंद्राचा खूर पाडव्यापर्यंत पूर्ण बरा झाला नाही, पण तात्यांनी तिला रंगवून कट्ट्यावर उभं केलं आणि लोकांनी तिथं येऊन तिला ओवाळलं.

नव्या बायका मला विचारतात, मशीन कुठलं घ्यायचं, किती जोराचं. मशीन कुठलंही चालतं. पण नव्या जागेवर गेलं की पहिल्यांदा मशीन खाली उतरवायचं नाही. तिथं कोण राहतं, त्यांची जेवायची, झोपायची, धारांची वेळ काय, ते विचारायचं. हॉस्पिटलमध्ये पेशंट कधी झोपतात, हॉटेलात भट्टी कधी पेटते, शाळेत परीक्षा कधी आहे. बारदान फुकट मिळतं, पायमोजा घरात असतो, सोडा वाण्याकडे मिळतो. विचारायला तर काहीच लागत नाही. मला अजून तेवढंच जड जातं, पण मी विचारते.